कुबराचाचीचा फुकटचा प्रवास

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, पॅनकार्ड, लाईटबिल, पासपोर्ट फोटो असं काय काय लिहिलंय, पण दुकान चालतं ते विमानाच्या तिकिटांवर. आमच्याकडे घरटी एक माणूस तरी दोहा, मस्कत, दुबई, कुवेत यांपैकी कुठेतरी असतोच. जो नसतो तो व्हिसाची वाट बघत माझ्या पंख्याखाली बसलेला असतो, आणि त्याला मी रोज एकदा तरी ओरडते. सुचिताचा आवाज मोठा, असं लोक म्हणतात. तिकिटाच्या धंद्यात गोड बोलणाऱ्या बाईला लोक तीनतीनदा तारीख बदलायला लावतात, हे त्यांना माहीत नाही.

इथे बसून मी शेकडो माणसं विमानात चढवली. पण मला सगळ्यात कमी पैसे देऊन सगळ्यात जास्त कामाला लावलं ते कुबराचाचीने. तिच्याकडून मला दर तिकिटामागे मिळालं काय, तर एक डबा सांदणं. तक्रार नाही. सांदणं चांगली असतात.

कुबराचाची दिघीच्या माहेरची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन बोर्लीत आली आणि दीड महिन्यात मुश्ताकचाचा आखातात निघून गेले. पुढे तीस-एक वर्षं ते दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांसाठी यायचे, बॅगा उघडायचे, बॅगा भरायचे आणि जायचे. मागे काशिफा आणि तबरेज ही दोन मुलं चाचीने वाढवली, सासूचं दुखणं काढलं, सुपारीच्या बागेला पाणी लावलं, घराला वरचा मजला चढवला. गवंड्यांशी भांडताना मी तिला लहानपणी पाहिलंय, त्यामुळे माझ्या आवाजाचं श्रेय थोडं तिलाही जातं. एवढ्या काळात तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मुंबईचं विमानतळ. तेसुद्धा बाहेरच्या कठड्यापर्यंत, नवऱ्याला हात हलवायला.

चाचा तिकडे टाइमकीपर होते. रिफायनरीत दुरुस्तीची मोठी कामं निघाली की कंपनी तिथे हजारभर माणसं लावायची आणि त्यांची हजेरी घ्यायला चाचांना विमानाने पाठवायची. आज दोहा, पंधरा दिवसांनी मस्कत, मग दम्माम. कोण किती वाजता आला, कोणाचा ओव्हरटाइम कोणाच्या नावावर, यात चाचांनी कधी मिनिटाची चूक केली नाही. रिटायर होऊन आल्यावर हजेरी घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून ते माझी घ्यायला लागले. दुकान दहा मिनिटं उशिरा उघडलं की समोरच्या ओट्यावरून नुसतं घड्याळाकडे बघायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ते आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले. पाकिटातून आधारकार्डाबरोबर एक निळं कार्ड बाहेर पडलं. आखातातल्या एका विमान कंपनीचं.

"चाचा, यात पॉइंट किती आहेत?"

"कसले पॉइंट? ते दावला की काउंटरवर लाईन छोटी मिलते, तेवढाच."

मी माणसाकडे बघतच राहिले. विमान कंपन्यांचं असं असतं, की त्यांच्याकडून जितकं फिराल तितके पॉइंट जमतात आणि पुरेसे जमले की त्यांवर तिकीट मिळतं. कंपनीच्या पैशाने महिन्यातून दोनदा उडणारा हा माणूस ते कार्ड रेशनकार्डासारखं नुसतं दाखवत फिरला होता. पासवर्ड बदलून, ओटीपी मागवून मी खातं उघडलं. तीन वर्षांत न वापरलेले पॉइंट बुडतात, म्हणजे जुने केव्हाच बुडालेले. तरी शेवटच्या काळातले उरले होते, आणि तेही पुढच्या मार्चपर्यंतच. मी हिशेब केला. मस्कत किंवा दोह्याच्या जाऊन-येऊन सहा फेऱ्या सहज होत होत्या, आणि नियमाप्रमाणे बायकोच्या नावावरही तिकीट काढता येत होतं.

चाचा घरी गेले ते परत आले नाहीत. आली ती चाची. खुर्चीवर बसली, घाम पुसला आणि म्हणाली, "सुचिता, खरा सांग गो. म्हणजे या पॉइंटवर हे मधी-मधी घरी येऊ शकले असते?"

मी हो म्हटलं.

"आनि सुट्टी? कंपनीन सुट्टी दिली असती?"

"ती नसती दिली, चाची."

"मग झाला तर. पॉइंट काय करनार होते." तिने पदर सारखा केला. "आता सांग, मी जाऊ शकते?"

काशिफा लग्न होऊन मस्कतला होती, तबरेज दोह्याला नोकरीला होता. दोघांची घरं चाचीने फोनच्या पडद्यावर बघितलेली, तीही मुलं फोन फिरवतील तेवढीच. तिला जायचं होतं. चाचांना मात्र आता म्हसळ्यालाही जायचा कंटाळा होता. गुडघे दुखायचे आणि विमान म्हटलं की कपाळाला आठ्या पडायच्या. त्यांनी चाचीला परवानगी दिली, पण टाइमकीपरची.

"तिकीट फुकट, बाकी काय फुकट नसतंय," ते माझ्या दुकानात बसून म्हणाले. "टॅक्स हाय, व्हिसा हाय, मुंबईची गाडी हाय, येताना लोकांना आनायचा हाय. सालाचा सगला खर्च एक लाखाच्या आत ठेव. ठेवलास, तर पुढच्या साली पॉइंट नसले तरी मी पैसे घालीन, तू जा. वर गेलास, तर पुढच्या सालापासून व्हिडिओ कॉल. कबूल?"

"कबूल," चाची म्हणाली. "सुचिता लिवील."

मी लिहीन, हे मला तेव्हाच कळलं.

पहिल्या तिकिटाला पॉइंट कापून जो टॅक्स भरावा लागला तो बघून चाचीने छातीवर हात ठेवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "कोंबडी तरी हाय ना." व्हिसाचे पैसे वेगळे. मुंबईला स्वतंत्र गाडी केली तर एका फेरीतच लाखाला भोक पडलं असतं, म्हणून ती एअरपोर्टच्या शेअर गाडीत मागच्या सीटवर बसून जायची. आणि येताना भेटी. आमच्याकडे आखातातून परतलेल्या माणसाने रिकाम्या हाताने दारात येणं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. खजूर, चॉकलेट, बाम, अत्तराची बाटली, काहीतरी प्रत्येक घरात पोचलं पाहिजे. चाचीने त्यावरही तोड काढली. एकदा एका आळीला, पुढच्या वेळी दुसऱ्या आळीला. लोकांना हा क्रम पाठ झाला आणि पाळी चुकली की ते मला येऊन विचारायला लागले.

पण खरा प्रकार होता तो अमानतीचा. जाणाऱ्या माणसाकडे गावातल्या इतरांनी आपापल्या पोरांसाठी डबे द्यायचे आणि त्याने ते तिकडे पोचवायचे, ही इथली जुनी रीत. याचे पैसे घेत नाहीत, विचारतही नाहीत. चाची निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ओटीवर चादर पसरायची. एका बाजूला ताणकाटा टांगलेला. लोक यायचे, सुके बोंबील, आमसुलं, तांदळाचं पीठ, मसाला घेऊन. चाची प्रत्येक पुडी देणाऱ्यासमोर सोडायची, हाताने चाळायची आणि मग बांधायची. मसाल्यात खसखस असली तर तिकडे ती अमली पदार्थात धरतात आणि माणूस आत जातो, म्हणून. सुपारीलाही तिकडे बंदी, ती आणणाऱ्याला तर चाची उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. श्रीवर्धनी सुपारीचा असा अपमान बोर्लीत दुसरं कोणी करू शकलं नसतं.

विमानात नेता येणाऱ्या तीस किलोंतले पंचवीस किलो लोकांचे आणि पाच किलो चाचीचे, असं चालायचं. मी चिडायचे. "चाची, किलोमागे शंभर रुपये घ्या. लाखाची चिंताच मिटेल."

"तोबा! अमानतीचे पैसे घेतात काय गो? तुझा डोका हाय का ठिकानावर?"

मग मी गप्प बसायचे, म्हणजे माझ्या मानाने गप्प.

आणि चाची फिरली. किती फिरली म्हणून सांगू! मस्कतला पहाटे एकटी समुद्राच्या कडेने चालायला जाऊ लागली आणि तिथल्या मासेबाजारात सुरमईचा भाव पाडून आली. भाषा येत नाही म्हणून अडली नाही. "मासला बघायचा, नाक मुरडायचा, चालू लागायचा. तो हाक मारतोच," असं तिने मला सांगितलं. विमानात तिला खिडकी नको असे, चालायची जागा हवी असे. शेजारच्या बाईची तीन बाळंतपणं उतरेपर्यंत तिला तोंडपाठ व्हायची. परत आली की आधी माझ्या दुकानात यायची, पावत्या टेबलावर ठेवायची आणि मग बोलायची. तिचा चेहरा असा काही उजळलेला असायचा की मी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून ऐकायचे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला इतकं आनंदी मी पाहिलं नव्हतं आणि मला त्याचा साधा हेवा वाटायचा.

दोह्याच्या दुसऱ्या फेरीत ती तबरेजला घेऊन चाचांची जुनी खोली बघून आली. कंपनीने ठेवलेली, सहा माणसांत एक. ती इमारत अजून होती. परत आल्यावर तिने माझ्यासमोरच चाचांना विचारलं, "चौथा माला, लिफ्ट न्हाय. तुमी कधी बोलले न्हाय?"

"बोलून काय करनार होतो," चाचा म्हणाले. "जिना काय खाली येनार होता?"

त्या महिन्यात ती रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला बसायची, हे शेजारच्या केसरकाकीने मला सांगितलं. केसरकाकीला सगळं माहीत असतं.

चाची गेली की इकडे चाचांची जी गत व्हायची ती बघण्यासारखी. पहिले दोन दिवस फुशारकी. मी तीस वर्षं सहा माणसांचा जेवन बनवलाय, वगैरे. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात. "सुचिता, ते विमान बघ गो, उतरला का?" "चाचा, ते परवाच उतरलं." "मग फोन का न्हाय?" "सकाळी केला होता ना?" "सकाली केला, आता दुपार झाली." परतीच्या दिवशी तर ते माझ्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची टाकून बसायचे आणि नकाशावरचं इवलंसं विमान समुद्रावरून सरकताना बघायचे. मी एकदा म्हटलं, "चाचा, चाची तीस वर्षं कशी राहिली असेल हो?" मी चेष्टेत बोलले होते. ते हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "तिच्याकडे तर असा नकाशा पन नव्हता."

फेब्रुवारीपर्यंत पाच फेऱ्या झाल्या. सहावी, शेवटची, दोह्याची. हिशेबात सहावीचा टॅक्स, गाडी आणि भेटी धरूनही बेरीज त्र्याण्णव हजारांवर थांबत होती. मी चाचीला म्हटलं, "जिंकलात." ती लाजून हसली आणि म्हणाली, "पुढल्या साली काशिफाकडे रमजानला जाईन."

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी असताना गुणाजीदादा आले. आतल्या वाडीतले, भातशेतीवाले. त्यांचा रितेश दोह्याला वेल्डर आहे. त्याला कावीळ होऊन गेलेली, तोंडाला चव नाही, आणि फोनवर तो घरच्या लाल तांदळाची पेज मागत होता. दादा गोणपाटात तांदूळ बांधून घेऊन आले होते. दहा किलो.

मी बॅगांची वजनं स्वतः केली होती. एक किलोसुद्धा बसत नव्हता. मी म्हटलं, "दादा, विमानात वजन मोजतात. जास्त झालं तर किलोमागे पैसे लावतात."

"मग आतमंदी कशाला ठेवताव?" दादा म्हणाले. "टपावर टाका की! एस्टीच्या टपावर आमी कोंबड्यांची खुराडी नेली, कंडक्टरनं कधी हू का चू न्हाय केला."

गाडीतले सगळे हसले. चाची हसली नाही. तिने दादांच्या हातातलं गोणपाट घेतलं आणि विचारलं, "पोराला आता बरा हाय ना?" दादांनी मान डोलावली. चाची म्हणाली, "मी स्वतः पेज करून घालीन त्याला." तिने आपल्या पाच किलोंतलं जेवढं काढता येईल तेवढं काढलं, त्यात तबरेजसाठी केलेलं लोणचंही गेलं, तरी विमानतळावर जादा वजन निघालंच. काउंटरवर तिने नऊ हजार चारशे रुपये भरले. पावती नीट घडी घालून घेतली.

चाची परतली तेव्हा रितेश उठून कामावर जायला लागला होता. ती पावती मी बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

"चाची, ही माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे. चाचांना कोण सांगतंय? नाहीतर मी गुणाजीदादांना सांगते. ते देतील हो, मानी माणूस आहे."

"तू त्याना सांगितलास तर मी तुझ्या दुकानाची पायरी चढनार न्हाय," ती म्हणाली. चेष्टा नव्हती ती. "आनि खर्च तो खर्च. लिव."

मी लिहिला. बेरीज एक लाख दोन हजार सातशे.

मार्च संपताना दोघं हिशेबाला आले. चाचीने नवी ओढणी घेतली होती, मस्कतची. ती खुर्चीवर सरळ बसली होती आणि तिचे हात मांडीवर एकात एक घट्ट धरलेले होते. मला वाटलं, पोरीच्या लग्नातसुद्धा ही अशी घाबरली नव्हती. तिला पुढच्या वर्षी जायचं होतं. त्याच्याही पुढच्या वर्षी जायचं होतं. तिने मला एकदा सांगितलं होतं, "आता मना घरात बसवत न्हाय गो, पाय शिवशिवतात." पण शब्द दिला होता, आणि त्यावर ती स्वतःहून काही मागणार नाही, हे मला माहीत होतं.

चाचांनी पडद्यावरची एकेक ओळ बोट लावून वाचली. टॅक्स. व्हिसा. गाडी. भेटी. शेवटी बेरीज वाचली आणि चष्म्याच्या वरून चाचीकडे बघितलं.

"वर गेला."

"व्हय," चाची म्हणाली. "वर गेला. मी बोलले होते, तसा. पुढल्या साली न्हाय."

मला इतका राग आला की मी चाचांना काहीतरी बोलणारच होते. पण ते पुन्हा एका ओळीवर बोट ठेवून थांबले होते.

"हे जादा वजन कसला?"

चाचीने सांगितलं. तांदूळ, कावीळ, टपाचं सगळं. चाचा ऐकत होते.

"कुबरा, मी तिकडे होतो तेव्हा तू माझ्याकडे किती डबे पाठवलेस?"

"ते काय मोजलेत? पंधरवड्याला कोन तरी जायचाच. पीठ, आमसुला, पोरांचे फोटो. तबरेज चालायला लागला तेव्हा त्याच्या पायाचा छाप पन पाठवलेला, पिठाच्या पुडीत घालून."

"तो हाय अजून," चाचा म्हणाले. "हे सगला आनलान कोनी?"

"जो जाईल तो."

"त्यांना कोनी काय दिलान?"

"कोन घेनार? अमानत होती."

"चौथ्या माल्यापर्यंत लोकांनी पुड्या चढवल्या," चाचा म्हणाले. "तीस वर्षं. मी त्यांना चहा पाजला आनि विसरलो. सुचिता, ही ओळ तिच्या खर्चातून काढ. हा खर्च माझा हाय. माझ्या नावावर लाव."

खरं तर मला आनंद झाला होता, पण स्वभाव जातो कुठे. मी म्हटलं, "चाचा, हा घोळ झाला. हिशेब असा फिरवता येत नाही."

"मी तीस वर्षं हजेरी लावली," ते करड्या आवाजात म्हणाले. "कोनाचा काम कोनाच्या नावावर जातंय, ते तू मना शिकवू नको."

मी ओळ हलवली. बेरीज त्र्याण्णव हजार तीनशे झाली. चाचीने हात सोडले आणि ओढणीने डोळे पुसले. मीही पंख्याकडे बघत नाक ओढलं. आमच्या दुकानात धूळ फार.

चाचांनी पाकीट काढलं आणि बँकेचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"आता पैशाचा तिकीट दाव. रमजानच्या आधीचा, मस्कतचा. तीस किलोवाला नको. जास्त वजनवाला असतंय ना, तो काढ."

मी तारखा बघितल्या, भाव बघितले. मग विचारलं, "एक काढू की दोन? विमानतळावर व्हीलचेअर मिळते, चाचा. गुडघ्यांची काळजी नको. तुम्हीही जा की."

चाचीनेही त्यांच्याकडे बघितलं. चाचांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

"एकच काढ," ते म्हणाले. "कोन तरी घरी पायजे ना, वाट बघायला. इतकी वर्षं हिनं बघितलान. आता मी बघतो."

मी कुबराचाचीच्या नावाने एक तिकीट काढलं.